विमानांचं शेड्यूल्ड मेंटेनन्स: तारखा ठरतात कशा आणि ऐनवेळी बदलतात का

सांताक्रूझकर

विमानं उशिरा सुटण्याच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की मेंटेनन्सची तारीख कंपनीला आधीच माहीत असते ना, मग सकाळी सहाच्या फ्लाईटचं विमान साडेपाचला का बदलतात. तिथे दोन ओळीत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं म्हणून वेगळा धागा काढतोय. मी एका विमान कंपनीच्या प्लॅनिंग सेक्शनला आहे. म्हणजे हातात पाना घेऊन काम करणारा नाही, तर कुठलं विमान कधी, कुठे आणि किती वेळ उभं करायचं हे ठरवणाऱ्यांपैकी.

मुळात तारीख अशी नसतेच. कामं तीन मीटरवर मोजतात, काहींना तिन्ही लागतात तर काहींना एखाददोनच: उड्डाणाचे तास, सायकल (म्हणजे एक टेकऑफ अधिक एक लँडिंग) आणि कॅलेंडरचे दिवस. गाडीच्या सर्व्हिसिंगला दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, तसंच हे, फक्त इथे मीटर तीन आणि कामं हजारोंनी. ए३२० चं उदाहरण घ्या. ए चेक, म्हणजे लहान तपासणी, ७५० तास, ७५० सायकल किंवा १२० दिवस. सी चेक, म्हणजे विमान हँगरमध्ये उघडून करायची मोठी तपासणी, ७५०० तास, ५००० सायकल किंवा २४ महिने. शिवाय ६ वर्षांनी आणि १२ वर्षांनी स्ट्रक्चरची मोठी तपासणी. (कंपनीच्या मंजूर प्रोग्रॅमप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे असतात.)

आता आपल्याकडे विमान दिवसाला साधारण १२ तास उडतं असं धरा. ७५० तास ६२-६३ दिवसात संपतात, म्हणजे ते १२० दिवस नुसते कागदावर राहतात. ७५०० तास ६२५ दिवसात, म्हणजे २४ महिन्यांचा सी चेक प्रत्यक्षात साडेवीस महिन्यांवर येतो. आणि हे विमान रोज १२ तास उडेल हेही गृहीतकच. कधी दहा उडतं कधी चौदा, कधी पक्षी आदळला म्हणून दोन दिवस उभं राहतं. त्यामुळे ड्यू डेट रोज सरकते आणि आम्ही रोज सकाळी अख्ख्या फ्लीटचा फोरकास्ट नव्याने काढतो. सॉफ्टवेअर काढतं खरं, पण त्यातलं कुठलं काम कुठल्या रात्री बसवायचं हे शेवटी माणूस ठरवतो.

इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत, त्यांनीही लिहा.

अनुया_के

छान धागा! एक बेसिक शंका. तास मोजतो ते समजलं, पण सायकल वेगळी कशाला मोजायची? जास्त तास उडालं म्हणजे जास्त झिजलं, एवढं पुरत नाही का?

सांताक्रूझकर

नाही पुरत, आणि हे जगाला फार महागात कळलं. विमान वर गेलं की आतून हवेचा दाब देतात, खाली आलं की काढतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत बॉडीचा पत्रा एकदा ताणला जातो आणि एकदा सैल होतो. फ्लाईट ४० मिनिटांची असो नाहीतर १४ तासांची, हे एकदाच होतं. लँडिंग गिअरचंही तसंच, तो तासाने झिजत नाही, उतरण्याने झिजतो.

२८ एप्रिल १९८८, अलोहा एअरलाईन्स फ्लाईट २४३, हवाईमध्ये हिलोहून होनोलुलूला जाणारं बोइंग ७३७-२००. २४,००० फुटांवर पुढच्या केबिनचं छत साधारण १८ फूट लांबीचं उडून गेलं. एक एअर होस्टेस बाहेर फेकली गेली ती गेलीच, पण पायलटांनी तशा अवस्थेत विमान माउई बेटावर उतरवलं आणि बाकी सगळे वाचले. त्या विमानाचे तास होते ३५,४९६ आणि सायकल ८९,६८०. भागाकार करा, सरासरी फ्लाईट २४ मिनिटांची येते! बेटाबेटांमधल्या फेऱ्या, खारी दमट हवा आणि दिवसभर वरखाली. तासांच्या मीटरवर बघितलं तर विमान तसं फार उडालेलं नाही, सायकलच्या मीटरवर बघितलं तर जगातल्या सगळ्यात जास्त वापरलेल्या विमानांपैकी एक.

आणि प्लॅनिंगवाल्यांनी लक्षात ठेवायची खरी गोष्ट पुढची आहे. त्यांचा डी चेक, म्हणजे सगळ्यात मोठी तपासणी, एकसलग केली जात नव्हती, ५२ तुकडे करून आठ वर्षांवर पसरलेली होती. प्रत्येक तुकडा रात्रीच्या उभ्या वेळात. तुकडे करणं चूक नाही, आम्हीही करतो, पण त्यात अख्खं विमान उघडं एकाच वेळी एका माणसाच्या नजरेखालून कधीच जात नाही. इथे एक भेग तिथे एक भेग अशा अनेक बारीक भेगा एका ओळीतल्या रिव्हेटांजवळ होत्या आणि त्या जोडल्या गेल्या. जुन्या विमानांसाठी वेगळे तपासणी कार्यक्रम आले ते मुख्यतः यानंतर.

जुना_फ्लीट

सांताक्रूझकर, चांगलं लिहिताय. मी निवृत्त आहे, ए३०० आणि ७४७-४०० वर आयुष्य गेलं. हे आकडे मुळात येतात कुठून ते थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं कंपनी मनाला येईल तसं ठरवते.

पूर्वी समज असा होता की प्रत्येक भागाचं एक ठराविक वय असतं, त्या वयाला तो काढा, उघडा, ओव्हरहॉल करा, बसवा. मग १९६० च्या दशकात अमेरिकेत आकडेवारी तपासल्यावर दिसलं की बऱ्याच भागांना ओव्हरहॉलने काही फरकच पडत नाही, उलट नुकताच उघडून बसवलेला भाग जास्त बिघडतो. १९६८ मध्ये ७४७ साठी कंपन्या, बोइंग आणि सरकारी अधिकारी एकत्र बसले आणि पहिला एमएसजी (मेंटेनन्स स्टिअरिंग ग्रुप) दस्तावेज झाला. आज जी पद्धत चालते ती एमएसजी-३, १९८० ची, नंतर सुधारत आलेली. त्यात प्रश्न विचारतात की हा भाग बिघडला तर काय होईल, बिघाड वैमानिकाला कळेल की लपून राहील, जिवाला धोका आहे का, आणि त्यावरून काम ठरवतात. नुसतं बघायचं, वंगण घालायचं, तपासून बघायचं, दुरुस्त करायचं की वय झालं म्हणून फेकायचं.

फरक किती पडला? युनायटेड एअरलाईन्सच्या नोलन आणि हीप यांचा १९७८ चा अहवाल आहे, त्यातले आकडे मला अजून पाठ आहेत. डीसी-८ ला जुन्या पद्धतीने २०,००० तासांपर्यंतच्या मोठ्या स्ट्रक्चरल तपासण्यांना ४० लाख मॅन-अवर्स लागायचे, ७४७ ला नव्या पद्धतीने ६६,०००. डीसी-८ चे ३३९ भाग ठराविक वेळेला ओव्हरहॉलला जायचे, डीसी-१० चे फक्त ७. आणि सुरक्षितता कमी झाली नाही.

या सगळ्यातून आधी मेंटेनन्स रिव्ह्यू बोर्डाचा रिपोर्ट बनतो, त्यावरून उत्पादक एमपीडी, म्हणजे मेंटेनन्सच्या कामांची आणि अंतरांची यादी, काढतो, त्यावरून प्रत्येक कंपनी स्वतःचा प्रोग्रॅम लिहिते आणि आपल्याकडे तो विमान वाहतूक नियामक डीजीसीएकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तेव्हा ७५० हा आकडा कुणाच्या मनातून आलेला नाही.

अजून एक, हे प्लॅनिंगला लागणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगायचो. ५ मे १९८३, ईस्टर्न एअरलाईन्सचं एल-१०११, मायामीहून नसाऊला. तिन्ही इंजिनांच्या चिप डिटेक्टरचं (तेलातले धातूचे कण पकडणारा भाग) काम एकाच रात्री एकाच क्रूने केलं आणि तिन्हीकडे ओ-रिंग, म्हणजे तेल गळू न देणारी रबरी कडी, बसवायची राहिली. समुद्रावर तिन्ही इंजिनांचं तेल गेलं. एक इंजिन पुन्हा सुरू झालं म्हणून १७२ माणसं मायामीला परत उतरली. मेकॅनिकचं चुकलंच, पण तिन्ही इंजिनं एका रात्रीत एका हाताखाली देणारा कागद प्लॅनिंगमधूनच जातो ना. एका इंजिनाचं काम आज ठेवा, दुसऱ्याचं वेगळ्या रात्री, नाहीच जमलं तर निदान वेगळ्या माणसाला द्या.

ताळेबंद

मी कॉस्टिंगवाला माणूस, त्यामुळे प्रश्न तसाच आहे, राग मानू नका. लिमिट ७५०० तास असेल आणि तुम्ही ७००० ला विमान उभं केलंत तर ५०० तास फुकट गेले. लीजचं भाडं तर उभ्या विमानालाही चालूच असतं. मग लिमिटला अगदी चिकटून का नाही करत? उत्पादकाने आणि डीजीसीएनेच तर आकडा दिलाय.

सांताक्रूझकर

राग कसला, हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये येतो आणि यायलाच पाहिजे. हिशोब तुमचा बरोबर आहे. दिवसाला १२ तास धरले तर २० वर्षात साधारण ८७,६०० तास होतात. ७५०० ने भागलं तर ११ पूर्ण चेक येतात, ७००० ने भागलं तर १२. म्हणजे प्रत्येक वेळी ५०० तास आधी उभं केलं तर आयुष्यभरात एक अख्खा सी चेक जास्तीचा. हे पैसे लहान नाहीत, म्हणून उगाच आधी करू नये हे मलाही मान्य.

पण चिकटून करण्यातला धोका रात्रीच्या कामात बघा. समजा एका विमानाचं काम गुरुवारी रात्रीपर्यंत ड्यू आहे आणि ते मुंबईतच होऊ शकतं कारण टूल आणि लायसन्सवाला माणूस इथेच आहे. मी गुरुवारची रात्र धरली. डिसेंबर आहे, दिल्लीत धुकं पडलं, रोटेशन, म्हणजे विमानांच्या फेऱ्यांची साखळी, कोसळलं आणि विमान रात्री पाटण्याला अडकलं. शुक्रवारी सकाळी ते प्रवासी घेऊन उडू शकत नाही. त्याच्या दिवसभराच्या सहा फ्लाईट गेल्या, आणि साडेपाचला विमान बदललं म्हणून तुम्ही एअरपोर्टवर बसून आमच्यावर चिडलात. वरच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. म्हणून आम्ही मंगळवारी काम लावतो, बुधवार-गुरुवार हातात ठेवतो. हिवाळ्यात थोडं जास्तच.

यावर कुणी म्हणेल की टॉलरन्स, म्हणजे लिमिटच्या पुढे थोडी सवलत, मिळतो ना. मिळतो. साधारणपणे ५००० तासांपर्यंतच्या कामाला १० टक्के आणि त्याच्या वर ५०० तास असा. पण तो अचानक आलेल्या अडचणीसाठी आहे, तो धरून प्लॅन करायचा नसतो. वापरला तरी पुढची ड्यू जुन्या मूळ ड्यूपासूनच मोजतात, म्हणजे वेळ उसनी मिळते, वाढून मिळत नाही. आणि एडी म्हणजे सरकारने सक्तीची केलेली कामं, एअरवर्दीनेस लिमिटेशनमधली (सुरक्षित उड्डाणासाठी पक्की मर्यादा घातलेली) कामं, आयुष्य ठरलेले इंजिनाचे पार्ट, यांना तो नाहीच. तिथे लिमिट म्हणजे लिमिट.

जो प्लॅनर टॉलरन्स आधीच खर्च करून ठेवतो त्याच्याकडे अडचण आली की दोनच गोष्टी उरतात, विमान उभं करणं किंवा वरून दबाव घेणं. मला दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते. मार्जिन असलं की हँगरमधल्या माणसाला "आज नाही होणार, उद्या करू" असं म्हणता येतं. माझ्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मी मानतो, सॉफ्टवेअर वगैरे सगळं त्यानंतर.

सिएटलकर

मी रिलायबिलिटी डेटात काम करते. जुना_फ्लीट काकांच्या पोस्टवरून कुणाचा असा समज होईल की कामं कमी केली, अंतर वाढवलं तरी काही बिघडत नाही, म्हणून लिहितेय.

अलास्का एअरलाईन्स २६१, एमडी-८३, ३१ जानेवारी २०००, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं, ८८ जण गेले. शेपटीकडच्या आडव्या पंखाला वरखाली करणारा एक मोठा स्क्रू आणि नट असतो, जॅकस्क्रू म्हणतात. नटाचे आटे वंगणाअभावी झिजून गेले. १९९६ मध्ये या वंगणाचं अंतर वाढवून ८ महिने केलं होतं, म्हणजे त्यांच्या वापराने साधारण २५५० तास. झीज मोजायची एक एंड-प्ले तपासणी असते, तीही ३० महिन्यांवर नेली होती, साधारण ९५५० तास. त्या विमानाची ती तपासणी सप्टेंबर १९९७ ला झाली आणि पुढची मार्च २००० ला यायची होती. त्याच्या आधीच अपघात झाला.

लक्षात घ्या की ही वाढ चोरून केलेली नव्हती, मंजूर होती. अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने (एनटीएसबी) हे वाढवलेलं अंतर आणि तिथल्या नियामकाने (एफएए) त्याला दिलेली मंजुरी, दोन्ही कारणांमध्ये धरलं. दर ५०० तासांनी वंगण होत असेल तर एखाद्या वेळी कुणाकडून नीट झालं नाही तरी पुढचा सांभाळून घेतो. अंतर पाचपट केलं की एक वंगण चुकलं तरी पुढचं यायच्या आत आटे संपतात. म्हणून अंतर ठरवताना "नीट केलं तर किती चालेल" एवढं विचारून भागत नाही, "एकदा चुकलं तर किती चालेल" हेही विचारावं लागतं.

जुना_फ्लीट

बरोबर बोललीस बेटा, आणि मला विरोध नाहीच. ७४७ ची कामं कमी केली तेव्हा प्रत्येक भागाचा बिघाड कसा होतो हे बघून केली. जॅकस्क्रूच्या एंड-प्ले तपासणीच्या वेळी मोठ्या चेकचं अंतर वाढलं आणि त्याला बांधलेली सगळी कामं त्याच्याबरोबर सरकली. हा फार मोठा फरक आहे. म्हणून कामांचं पॅकेज करताना जॉब कार्डावर, म्हणजे मेकॅनिकला दिल्या जाणाऱ्या कामाच्या कागदावर, कामाचं स्वतःचं मूळ अंतर दिसलंच पाहिजे, नुसतं "सी चेकला करा" असं लिहिलेलं मला कधी आवडलं नाही.

मिहानवासी

नागपूरहून लिहितोय, मिहानमधल्या एका एमआरओत, म्हणजे विमानांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत, शॉप फ्लोअरला आहे. प्लॅनिंगवाल्यांचं ऐकलं, आता आमचंही ऐका.

सी चेकचं विमान येतं तेव्हा सोबत जॉब कार्डांचा गठ्ठा येतो, ती रुटीन कामं. पण पॅनल उघडलं की जे सापडतं ते नॉन-रुटीन, आणि खरा वेळ तिथे जातो. गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि टॉयलेटच्या खालचे फ्लोअर बीम उघडा, पाणी मुरून गंज धरलेला बऱ्याच विमानांत दिसतो. समुद्राकाठच्या शहरात रात्री उभी राहणारी विमानं असली तर अजूनच. मग तो गंज घासायचा, किती खोल गेला मोजायचं, मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर ठीक, नाहीतर उत्पादकाला फोटो आणि मापं पाठवून उत्तराची वाट बघायची. तोवर तो भाग तसाच उघडा.

म्हणून चांगला प्लॅन कसा ओळखायचा तर बघण्याची सगळी कामं पहिल्या काही दिवसात असतात. आधी उघडा आणि बघा, वंगण-फिल्टर-सीटकव्हर नंतर. मी असेही प्लॅन बघितलेत जिथे सोपी कार्डं आधी बंद करून चार्टवर प्रगती छान दाखवली, आणि फ्लोअर उघडला नवव्या दिवशी. मग तिथे जे निघालं त्यासाठी ना पार्ट ना माणसं ना दिवस. शिवाय एकाच पॅनलमागची चार कामं चार वेगळ्या दिवशी लावली की तो पॅनल चारदा उघडा-बंद करायचा, दर वेळी स्क्रूचं डोकं खराब व्हायची शक्यता, दर वेळी आत काही विसरायची शक्यता. एकाच झोनची कामं एकत्र बांधून द्या हो, एवढी विनंती.

आणि पार्ट विमानाच्या आधी आले पाहिजेत. विमानाबरोबर आलेले उशिराच म्हणायचे.

ताळेबंद

हे पटलं. म्हणजे नॉन-रुटीनसाठी दिवस आणि माणसं आधीच धरून ठेवायची, सापडायच्या आधी. आमच्या बजेटमध्ये हीच ओळ सगळ्यात आधी कापली जाते...

सांताक्रूझकर

मिहानवासी, तुमच्या पोस्टची प्रिंट आमच्या सेक्शनला लावणार आहे.

आता वर्षाचा प्लॅन कसा बसतो ते. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ या काळात एकही विमान उभं राहिलेलं नेटवर्कवाल्यांना चालत नाही. जुलै ते सप्टेंबर गर्दी कमी, म्हणून सगळ्याच कंपन्या मोठे चेक पावसाळ्यात ढकलतात. आणि सगळ्यांना एकाच वेळी नागपूर, हैदराबाद, होसूरची हँगरं हवी असतात, त्यामुळे स्लॉट कित्येक महिने आधी धरावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून एमआरओवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाल्यावर इथे काम करून घेणं परवडायला लागलं हे खरं, पण हँगर आणि अनुभवी माणसं तितक्या वेगाने वाढलेली नाहीत.

यात एक अडचण अशी की एकाच वर्षी ताफ्यात आलेली विमानं १२ वर्षांच्या चेकलाही एकत्रच येतात. लँडिंग गिअर ओव्हरहॉल १० वर्षं किंवा २०,००० सायकलवर, त्याचाही असाच गुच्छ होतो आणि बदली गिअरचे सेट जगात मोजकेच. मग काहींना मुद्दाम आधी उभं करून रांग मोकळी करावी लागते. तिथे ताळेबंद म्हणतात तसे तास फुकट जातात, पण ते जाणूनबुजून मोजलेले असतात.

अनुया_के

आणि इंजिनं? मध्यंतरी मुंबई-दिल्लीला इंजिनाविना उभी विमानं दिसायची, तो प्लॅनिंगचा दोष होता का?

सांताक्रूझकर

नाही. इंजिनाचा प्लॅन वेगळाच चालतो. आतल्या फिरणाऱ्या डिस्कचं आयुष्य सायकलमध्ये ठरलेलं असतं, सीएफएम५६ इंजिनात जागेप्रमाणे २०,००० ते ३०,००० सायकल, त्यानंतर डिस्क दिसायला कितीही चांगली असली तरी बाद. ते माहीत असतं म्हणून इंजिन कधी उतरवायचं ते वर्षं आधी ठरवता येतं. पण जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीने जीटीएफ इंजिनांच्या काही डिस्कच्या पावडर मेटलमध्ये दोष असल्याचं जाहीर केलं आणि ठरलेल्या वेळेच्या खूप आधी इंजिनं तपासणीला उतरवावी लागली. शॉपमध्ये जागा नाही, बदली इंजिन नाही. इंडिगोची सत्तरच्या वर विमानं उभी होती. गो फर्स्टने त्याआधीच, मे २०२३ मध्ये, उड्डाणं थांबवताना याच इंजिनांच्या पुरवठ्याचं कारण दिलं होतं. असं काही आलं की फ्लीटमधल्या बाकी विमानांवर भार पडतो, ती जास्त उडतात आणि त्यांचे चेक लवकर येतात, म्हणजे आमचा सगळा फोरकास्ट पुन्हा पहिल्यापासून.

नवा_गडी

दादा मी संभाजीनगरला एरोनॉटिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्लॅनिंगमध्ये यायला एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) लायसन्स लागतं का? आणि आत्तापासून काय शिकू?

मिहानवासी

लायसन्स सक्तीचं नाही पण जमलं तर एखाददोन वर्षं हँगरला काढ. पॅनल किती वेळात उघडतो हे एकदा स्वतःच्या हाताने कळलं की कार्डावर "अर्धा तास" लिहिताना हात थांबतो. इथे एमआरओत ट्रेनी घेतात, मला मेसेज कर, अर्ज कसा करायचा सांगतो.

सांताक्रूझकर

हेच म्हणणार होतो. तोवर घरी एक सराव कर. एक्सेलमध्ये पाच काल्पनिक विमानं घे, प्रत्येकाचे आजचे तास, सायकल आणि शेवटच्या ए चेकची तारीख लिही, रोजचा वापर वेगवेगळा दे, आणि कुठलं कधी ड्यू होतं ते तिन्ही मीटरवर काढ. मग मुंबईला रात्री काम करायला एकच बे, म्हणजे विमान उभं करायची जागा, आहे असं धरून पाचही बसव. बसले की एक विमान दोन दिवस दिल्लीत अडकवून बघ आणि काय हलतं ते इथे टाक, आपण बघू.